मुकादम काय खातो

नाखोन चाय सी, ४ ऑगस्ट

मालिवान,

तुझं कार्ड पोचलं. चौदा महिन्यांनी तीन ओळी, त्यातल्या दोन माशाबद्दल आणि तिसरीत पत्ता. “मुकादम जिवंत आहे ना? माझ्याकडे आता जागा झाली आहे, भिक्खूंचा वर्षावास संपल्यानंतरच्या गुरुवारी टाकीसकट न्यायला येईन.” ताईचे गुडघे कसे आहेत, छप्पर अजून गळतं का, यातलं अक्षर नाही. असू दे. माशाच्या निमित्ताने का होईना, हे गाव तुझ्या लक्षात आहे.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. फाडून टाकायचं म्हटलं तरी पत्राला हात लावावा लागतो.

मुकादम छान आहे. त्याला काय धाड भरली आहे? टाकी तू ठेवून गेलीस तिथेच आहे, बैठकीत, बाबांच्या फोटोखाली. परवाच मी काच काथ्याने घासून लख्ख केली. सायफिन केस कापायला म्हणून आली होती, ती म्हणाली, “ताई, पाणी आहे की नाही तेच कळत नाही.” सायफिनला तू ओळखत नाहीस. कोपऱ्यावरचं केस कापायचं दुकान तिने घेतलं आहे, आणि केसांपेक्षा ती लोकांच्या पत्रिकाच जास्त विंचरते.

बाबा मुकादमाचं कौतुक सांगायचे ते आठवतं? सगळा गाव त्याला नगरपालिकेचा मासा म्हणतो, कारण टाकीतला गाळ, शेवाळ, सगळं तो चाटूनपुसून साफ करतो. आणि बाबा नगरपालिकेच्या गटारांत एकतीस वर्षं उतरलेले. “हा माझ्याच खात्यातला,” असं म्हणायचे, “पण माझ्या वरच्या हुद्द्यावर. पाण्यात उतरतो आणि कपडे धुवावे लागत नाहीत.” म्हणून तर त्याचं नाव मुकादम पडलं. त्यांनी तो आणला तेव्हा बोटाएवढा होता म्हणे. मी तेव्हा बँकॉकला हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या ढिगात होते, मला काय माहीत.

येशील तेव्हा मुक्कामाच्या तयारीने ये. पाणी उपसायचं, टाकी धुवायची, बांधायची, एका दिवसात होण्यासारखं काम नाही. तुझी गादी उन्हात घालून ठेवते.

ताई

१९ ऑगस्ट
(हे टपालात टाकणार नाही)

वान,

खरं एकदा कुठेतरी लिहायला हवं म्हणून लिहिते आहे. टाकीत मुकादम नाही. फेब्रुवारीपासून नाही. या महिन्यापर्यंत टाकीत नुसतं पाणी होतं आणि मी बाहेरून-आतून तिची काच घासत बसायचे.

जानेवारीत माझा गुडघा गेला. मग पडवीचं छप्पर कोसळलं. मग बाजारात एका पोराने स्कूटर अंगावर घातली आणि मनगट सुजलं. सायफिनने माझा हात हातात घेतला, बोटं मोजली आणि विचारलं, “ताई, तुम्ही बुधवारी रात्री जन्मलेल्या ना?” मी हो म्हटलं. “मग झालं! ती रात्र राहूचीच. राहू बसलाय तुमच्यावर. नुसता बसलेला नाही, पथारी पसरून बसलाय.”

तिने यादी दिली. काळी कोंबडी, काळे चिकट तांदूळ, काळी कॉफी, काळी जेली, काळे वाल, काळं अंडं वगैरे आठ काळ्या वस्तू विहारात राहूपुढे ठेवायच्या. आणि त्यानंतर धक्क्यावर जाऊन नदीत राहूमासा सोडायचा, म्हणजे तो संकट पाठीवर घेऊन जातो.

धक्क्यावर चालेम मावशी पुण्यासाठी सोडायचे मासे विकते. टोपल्यांत गोगलगायी, घमेल्यांत वाम, प्रत्येकावर पाटी, कुठला सोडला की कुठलं काम होतं त्याची. राहूमाशाचं घमेलं कडेला होतं. मी आणि सायफिनने वाकून बघितलं तर काळे, खवल्यांचे, तोंड खाली लावून चिकटलेले.

“अगं मावशी, हा तर नगरपालिकेचा मासा!”

“बाजारात तो नगरपालिकेत असतो,” ती म्हणाली. “इथे त्याची बढती झालीय.”

आम्ही तिघी खूप हसलो. शेजारी मत्स्यखात्याची पाटी होती, हा मासा नदीत सोडू नका म्हणून. तिच्यावर कोणीतरी झेंडूची माळ घातली होती. आणि मी मनात म्हटलं, घरात धडधाकट राहूमासा फुकट असताना विकतचा कशाला?

दुसऱ्या दिवशी मुकादमाला बादलीत घालून नेलं. उदबत्ती लावली, मंत्र म्हटला, बादली पाण्यावर तिरपी केली. पाणी गेलं, मासा गेला नाही. तळाला तोंड लावून तसाच चिकटून राहिला. मी बादली पूर्ण उलटी केली, बुडावर थापट्या मारल्या. सायफिन हसून हसून धक्क्यावर बसली. “ताई, राहू जायला तयार नाही!” शेवटी मी आत हात घालून, ओठांखाली बोट सरकवून त्याला सोडवलं. तो पाण्यात पडला, आणि पायरीला चिकटून थोडा वेळ तिथेच थांबला. मी काठीने ढकललं.

त्यानंतर गुडघा बरा झाला नाही. होणार कसा? झीज झालीय म्हणून डॉक्टर आधीच बोलले होते.

मग तुझं कार्ड आलं. मासा नाही असं लिहिलं तर तू येणार नाहीस. तुला इथे आणायला माझ्याकडे दुसरं काही नाही. म्हणून खोटं लिहिलं, आणि पत्र टाकून आले तशी धक्क्यावर गेले. सोडलेले मासे पोरं खालच्या वळणावर जाळं लावून पकडतात आणि मावशीला परत विकतात, हे सगळ्यांना माहीत आहे. नशीब असेल तर मुकादम तिच्याच घमेल्यात असेल.

“सोडलेला राहू परत मागायला आलेली तूच पहिली,” मावशी म्हणाली. “संकट मिळेना झालंय का?”

“पाठीवरच्या पंखाला खाच आहे, मावशी. नखाएवढी. टाकीच्या झाकणात अडकला होता.”

“बाई गं, इथे रोज शंभर येतात. मी काय त्यांचे पंख चाळत बसू? बघ तूच.”

तीन दिवस घमेल्याशी उकिडवी बसले, या गुडघ्यांनी. एकेक मासा उचलून बघितला. आजूबाजूचे लोक मासे घेत होते, हात जोडत होते, सोडत होते, आणि मी त्यांच्या पुण्यात हात घालून ढवळत होते. मुकादम सापडला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्याच लांबीचा एक घेतला आणि घरी आले.

तुला तो मुकादम म्हणूनच दाखवणार आहे. मी मनात त्याला ‘बदली’ म्हणते. बाबा सुट्टीवर गेले की त्यांच्या जागी बदली कामगार यायचा ना, तसा.

नाखोन चाय सी, २५ ऑगस्ट

मालिवान,

एक सहज विचारायचं आहे. मुकादम थोडा उतरल्यासारखा वाटतो. काचेला चिकटला की पोट खोल गेलेलं दिसतं. तू असताना त्याला वरून काही घालत होतीस का? मला वाटलं, तो टाकीतलंच खातो. नावच तसं आहे. उन्हाळा कडक गेला, त्यानेही असेल.

पाऊस चांगला आहे. पपनसाला यंदा फळ धरलं आहे. तुझ्या वाट्याची चार मी झाडावरच ठेवलीत.

ताई

नाखोन चाय सी, ८ सप्टेंबर

मालिवान,

तुझं कार्ड नाही, आता पत्रच म्हणायला हवं. दोन्ही बाजूंनी भरलेलं, आणि जागा संपली तर कडेने आडवं. माझ्यावर एवढी शाई तू जन्मात खर्च केली नव्हतीस.

“तो घाण खात नाही, ताई. कुठलाच मासा घाणीवर जगत नाही. शेवाळ खातो तेही लहानपणी, मोठेपणी त्याने भागत नाही. चौदा महिने त्याला काहीच दिलं नाहीस?” हे वाक्य मी चार वेळा वाचलं.

तू सांगितलंस तसं सगळं करते आहे. लाल भोपळ्याची फोड उकळत्या पाण्यात जरा वाफवायची, पार मऊ नाही. साल खाली, गर वर. फोड तरंगते म्हणून तिच्यात स्टीलचा चमचा खोचायचा. पहिल्या दिवशी मी चमचा खोचला तेव्हा फोडीचे दोन तुकडे झाले आणि एक तरंगत राहिला, मी हाताने दाबून धरला. साठीला आलेली बाई कोपरापर्यंत टाकीत हात घालून भोपळा धरून उभी! सायफिन दारात आली आणि दारातूनच परत गेली.

दिवा मालवल्यावर तो बाहेर येतो हेही खरं. मी अंधारात खुर्चीवर बसते. आधी काही हालत नाही. मग लाकडाखालून तोंड येतं, मिशा येतात. फोडीवर चढतो आणि गर खरवडतो. कान लावला तर आवाज येतो, मालिवान. बारीक, किसणीवर नारळ किसावा तसा. इतकी वर्षं ही टाकी या घरात आहे, दर नववर्षाला मी चार दिवस यायचे, याच खुर्चीवर बसायचे, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सकाळी नुसती साल राहते, पातळ कागदासारखी. ती काढून टाकते, नाहीतर पाणी नासतं. तेही तूच लिहिलं आहेस.

काकडी आवडते. दुधी तोंडाला लावला नाही. बुडणारे दाणे आठवड्यातून दोनदाच देते. लाकडाचा ओंडका टाकीत का असतो ते मला आत्ता कळलं, मासा लाकूडही खरवडून खातो. मी तो शोभेचा समजत होते आणि मागे एकदा उन्हात वाळत टाकला होता. तो परत घातला आहे.

पोट भरलं आहे आता. हात लावून बघावंसं वाटतं.

हे सगळं तू रोज करत होतीस. बाबांना जेवू घालायचं, त्यांची औषधं, कूस बदलायची, आणि मग माशाचा भोपळा. मी फोनवर विचारायचे, “काय चाललंय?” तू म्हणायचीस, “काही नाही, नेहमीचंच.”

ताई

नाखोन चाय सी, २२ सप्टेंबर

मालिवान,

तुझे तीन प्रश्न. एकेकाचं उत्तर देते.

लाकडाखाली का लपतो? वय झालं असेल. म्हातारपणी माणसंसुद्धा कोपरा धरतात. बाबा काचेवर टिचकी मारायचे तेव्हा तो समोर यायचा, हे मला माहीत आहे, पण टिचकी टिचकीत फरक असतो. माझ्या हाताला अजून तो सरावला नसेल.

मुकादम असताना मला काच का घासावी लागली? मला स्वच्छतेची सवय आहे. बावीस वर्षं धुलाईखान्यात होते, डाग दिसला की हात आपोआप जातो.

पंखाची खाच कशी आहे? भरून येते आहे. माशांचे पंख भरून येतात असं ऐकलं आहे.

गुरुवारची तुझी गाडी किती वाजता पोचते ते कळव. स्टँडवर येईन. येऊ नकोस म्हणालीस तर घरीच थांबेन.

ताई

नाखोन चाय सी, ३ ऑक्टोबर

वान,

या पाकिटात एक जुना कागद आहे, १९ ऑगस्टचा. आधी तो वाच. वाचून तुला पुढचं वाचावंसं वाटलं नाही तर दोष देणार नाही.

वाचलास? आता काल काय झालं ते सांगते.

खाच भरून येते आहे असं मी तुला लिहिलं, आणि मग दहा दिवस माझा जीव टांगणीला लागला. तू येणार, टाकीपुढे वाकणार, आणि पहिल्यांदा पाठीवरचा पंखच बघणार. म्हणून काल दुपारी मी दार लावून घेतलं आणि कापडाची कात्री घेतली. बदलीला पंचात धरून वर काढायचं आणि पंखाला नखाएवढी खाच पाडायची. पंख भरून येतात, त्याला फार लागणार नाही, असं स्वतःला समजावत होते. साठीला आले मी, आणि माशाच्या अंगावर खोटी सही करायला निघाले होते.

त्याला पंचात धरलं. त्याने अंगावरचे सगळे काटे ताठ केले. पंचाच्या विणीत काटे असे रुतले की पंचा सुटेना, मासा सुटेना. सोडवायला एका बाजूने ओढलं की दुसरीकडे रुततात. पाण्याबाहेर त्याच्या तोंडाची उघडमीट चालली होती. मी ओरडले असेन, कारण सायफिन मागच्या दाराने आत आली.

“काय करताय ताई? शिजवताय की काय?”

“सोडव गं! मरेल तो!”

“ओढू नका! ओढलं की तो आणखी ताठ होतो. कात्री आहे ना हातात? पंचा कापा.”

मी पंचा कापला. प्रत्येक काट्याभोवती गोल, थोडा थोडा. सायफिन वरून पाणी ओतत होती. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा त्याने माझ्या तळहाताला तोंड लावलं आणि चिकटला. मला मुकादमाची बादली आठवली. मी तळहात पाण्यात धरला आणि तो आपणहून सुटेपर्यंत तसाच ठेवला. ओढला नाही. खूप वेळ लागला. मी रडत होते, आणि सायफिन पंचाचे तुकडे गोळा करत होती.

बदली जगला आहे. आज सकाळी फोडीची साल तेवढी राहिली होती.

आता जुन्या कागदातही जे लिहिलं नव्हतं ते लिहिते. विकतचा मासा कशाला घ्यायचा, हे खरं, पण अर्धंच खरं. मुकादम रोज संध्याकाळी काचेवर चढायचा तो तुझ्या खुर्चीच्या बाजूला. मी दुसऱ्या बाजूला बसले तरी तिकडेच तोंड करून. मला त्याचा राग यायचा. घर मी सावरते आहे, छप्पर मी दुरुस्त करते आहे, आणि हा अजून तिची वाट बघतो. तो भुकेला होता, तुझी वाट बघत होता कारण भोपळा त्या बाजूने यायचा, एवढं साधं मला सुचलं नाही. उपाशी मासा मी नदीत टाकला, मालिवान. राहू वगैरे सगळं नंतरचं.

आणि शंभराव्या दिवसाचं. तू कार्डात त्याबद्दल कधीच काही लिहिलं नाहीस, मीही लिहिलं नाही. बाबा गेल्यानंतरच्या शंभराव्या दिवशी चाळीस माणसं जेवायला होती. कोणीतरी विचारलं, “मालिवानचं कसं व्हायचं आता? तिला काही ठेवलंय का बाबांनी?” आणि मी म्हणाले, “तिला काय लागतं? ती आमच्या घरची नगरपालिकेची मासोळी. सगळ्यांचं उरलंसुरलं खाऊन टुणटुणीत!” सगळे हसले. तू वाढत होतीस. तुझ्या हातात रश्श्याचं पातेलं होतं. तूही हसलीस असं मला वाटलं, आणि मी तेच धरून बसले, की बघा, ती हसली, मग तिला कुठे लागलं? दुसऱ्या दिवशी पहाटे तुझी खोली रिकामी होती आणि मी सगळ्यांना सांगितलं, मालिवान तऱ्हेवाईक आहे.

अकरा वर्षं तू बाबांचं केलंस. मी पैसे पाठवायचे आणि समजायचे की माझं झालं. घरी आले की ताटावर बसायचे, तू वाढायचीस, बाबा जेवायचे, मी जेवायचे, मग तू आत जायचीस. आत काय खायचीस? कधी खायचीस? मी एकदाही उठून बघितलं नाही. तो मासा घाणीवर जगत नाही हे तू मला लिहिलंस, ते वाचताना मला कळलं की तू माशाबद्दलच लिहिलं आहेस, आणि तरी ते मी चार वेळा वाचलं.

मुकादम गेला. तो परत मिळणार नाही. टाकीत आहे तो बदली आहे, धक्क्यावरून आणलेला, त्याला खाच नाही. तू ज्याच्यासाठी येणार होतीस तो इथे नाही, आणि हे माझ्यामुळे.

तरी ये.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. माफ कर.

काल रात्री तुला काय करून घालायचं याचा विचार करत बसले. बदलीला काकडी आवडते, दुधी चालत नाही, भोपळ्याची साल खाली ठेवायची, हे सगळं मला येतं. मुकादमाचंही आता येतं. आणि तुला काय आवडतं, हे मला ठाऊक नाही. मासा आवडतो की डुक्कर, तिखट की कमी, भात सुटा की चिकट. सख्खी बहीण आहेस आणि मला एक पदार्थ आठवेना. येणार असशील तर तेवढं कळव. येणार नसशील तरी कळव.

तुझी ताई,
लामदुआन

नान, ९ ऑक्टोबर

ताई,

दोन्ही कागद मिळाले.

मुकादम नाही हे मला तुझ्या पहिल्याच पत्रात कळलं होतं. तो असलेल्या टाकीची काच कोणाला घासावी लागत नाही. मला वाटलं, मेला असेल आणि तू दुसरा आणून लपवते आहेस. नदीत सोडलास हे माहीत नव्हतं. बादलीचं वाचलं आणि कागद ठेवून, मी काम करते त्या रोपवाटिकेत रोपांमध्ये जाऊन बसले. इथल्या बाईंनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, घरचा माणूस.

तुझ्यावर राग आहे. इतक्यात जाणार नाही. माफीचं नंतर बघू.

बदलीला नेणार नाही. दोन महिन्यांत त्याने नदी, घमेलं आणि टाकी बघितली, आता बसच्या टपावर कशाला? तिथेच राहू दे. नदीतही सोडू नकोस, कोणी काही सांगितलं तरी. पाणी आठवड्याला अर्धं बदल. त्याला टिचकी मारू नकोस, तो बाबांना ओळखत नाही.

गुरुवारी येते. दुपारी एक वाजता पोचेन, स्टँडवर येऊ नकोस, गुडघे सांभाळ. राहणार नाही. संध्याकाळची गाडी आहे.

काय आवडतं ते विचारलंस. दोन दिवस विचार केला, सांगता येईना. त्या घरात मी बाबांना भरवून, त्यांचं आवरून, भांडी घासून मग जेवायचे. काय असायचं ते आठवत नाही. गार असायचं, एवढं आठवतं.

काहीही कर, ताई. फक्त मी पाटावर बसल्यावर कढईतून काढ.

मालिवान